‘स्ट्रे’मध्ये अडकलास? मांजर गल्लीतून चालत नाही, वरून जातं

प्रश्न असा आला आहे: “दादा, मी नागपुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजवर बीजीएमआय आणि फ्री फायर हे मोबाइलवरचे गोळीबाराचे गेम सोडून काही खेळलो नाही. मित्राने सांगितलं म्हणून सेलमध्ये ‘स्ट्रे’ घेतला, ज्यात आपण मांजर असतो. सुरुवात भारी वाटली, पण रोबोंच्या वस्तीत आलो आणि डोकंच चालेना. नकाशा नाही, बाण नाही. एलियट नावाचा रोबो थंडीने कुडकुडतोय, तिथेच अडकलोय. लोक एवढं कौतुक काऊन करतात या गेमचं? माझं काही चुकतंय का? लॅपटॉपही भयंकर तापतो. आणि प्राण्यांचे असे दुसरे कोणते गेम खेळू? आठ वर्षांची बहीण आहे, तिलाही खेळायचंय.”

मी लेव्हल डिझाइनचं काम करतो. गेममधली गल्ली कुठे वळेल, जिना कुठे येईल, खेळणाऱ्याची नजर कुठून कुठे जाईल, हे ठरवणं हा माझा धंदा. नागपुरातच घरून काम चालतं. आणि ज्यात नायक माणूस नसून प्राणी आहे असे फिरण्या-शोधण्याचे गेम हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. एलियटचीच घाई असेल तर तो भाग मध्ये आहे, पण त्याच्या आधीचं वाचलंस तर पुढच्या वस्तीत पुन्हा अडकणार नाहीस.

बीजीएमआयमध्ये तुझी नजर कुठे असते ते आठव. वर कोपऱ्यात. छोटा नकाशा, त्यावर सरकणारा झोन, पावलांच्या आवाजाच्या खुणा. आजूबाजूचं जग तुला दिसतं, पण निर्णय तू त्या कोपऱ्यातून घेतोस. वर्षानुवर्षं तसं खेळल्यावर तो कोपरा रिकामा झाला की हात लुळे पडल्यासारखे वाटणारच. ‘स्ट्रे’ बनवणाऱ्यांनी नकाशा दिला नाही तो विसरून नव्हे. नकाशात जे असतं ते सगळं त्यांनी त्या वस्तीतच मांडून ठेवलंय: दिव्यांत, पाट्यांत, पाइपांत, आवाजांत. फक्त ते माणसाच्या उंचीला मांडलेलं नाही. तू अजून माणसासारखा रस्त्याच्या मधून चालतोयस, म्हणून ते तुला दिसत नाही.

मार्चमध्ये आपल्याकडे कूलर बाहेर निघतात. खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, त्यावर कूलर, बाजूला सज्जा, सज्जाच्या वर पन्हाळ, मग गच्ची. महाल किंवा इतवारी भागातल्या एखाद्या जुन्या गल्लीत उभा राहून बघ. आपल्याला तिथे एक अरुंद रस्ता दिसतो आणि दोन्हीकडे बंद दारं. मांजरीला तिथे जिना दिसतो. कंपाउंडची भिंत, भिंतीवरून कूलर, कूलरवरून सज्जा, सज्जावरून शेजारच्यांची गच्ची. कूलरखाली पाणी ठिबकतं तिथली गार फरशी ही तिची दुपारची जागा, आणि खालून गाडी गेली तरी ती हलत नाही, कारण खालचा रस्ता तिचा नाहीच. ‘स्ट्रे’मधली रोबोंची वस्ती नेमकी अशीच रचलेली आहे. कूलरच्या जागी एसीचे डबे आहेत, एवढाच फरक.

हे उगाच जुळून आलेलं नाही. हा गेम फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या ब्लूट्वेल्व्ह स्टुडिओ या छोट्या चमूने बनवला आणि अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्हने जुलै २०२२ मध्ये बाजारात आणला. सुरुवात झाली ती हाँगकाँगमधल्या काउलून वॉल्ड सिटीच्या फोटोंपासून. कामाचं पहिलं नावच ‘एचके प्रोजेक्ट’ होतं. काउलूनची ती वस्ती जेमतेम साडेसहा एकरांत उभी होती, आणि १९८७ च्या सरकारी मोजणीत तिथे सुमारे ३३,००० माणसं राहत होती. इमारती एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की गच्च्यागच्च्यांवरून वस्ती ओलांडता यायची. १९९३-९४ मध्ये ती पाडली गेली, आज तिथे बाग आहे. गेम बनवणाऱ्यांनी त्या फोटोंमधले भिंतींना लटकलेले एसी, पाइपांची जाळी, लोखंडी सज्जे पाहिले, आणि त्यांच्या ऑफिसात मांजरी होत्याच. ही जागा मांजरीला फिरायला सगळ्यात योग्य, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे आधी मांजर ठरवून मग शहर बांधलं असं झालं नाही. शहराने मांजर मागितलं. लेव्हल डिझाइनर म्हणून मला हा गेम इतका आवडतो त्याचं मूळ इथे आहे.

आता उडीबद्दल. तुझ्या लक्षात आलं असेल की मनात आलं म्हणून कुठेही उडी मारता येत नाही. जिथे पाय टेकेल अशी जागा समोर आली की बटणाची खूण दिसते, दाबलं की मांजर नेमकं तिथे उतरतं. पडत नाही, चुकत नाही. बऱ्याच जणांना यात कमीपणा वाटतो, कौशल्य कुठे आहे असं विचारतात. मला ते पटत नाही. मांजरीला सज्जावर उडी घेताना विचार करावा लागत नाही, तिची अडचण ‘पोहोचेन का’ ही नसते, ‘कुठून जाऊ’ ही असते. गेमने उडीची मेहनत काढून घेतली आणि नजरेची मेहनत तुझ्यावर टाकली. बटण दाबून धरलंस तर सलग उड्या होतात, त्यामुळे बोटांकडे लक्ष द्यायचंच नाही. पुढची जागा शोधत राहायचं. चढताना एकाच टप्प्याकडे बघू नको. कॅमेरा वर फिरवून तीन टप्पे आधी बघ, आणि वाट वरून खाली जोड: त्या खिडकीत जायचंय, तिच्या खाली फळी आहे, फळीखाली एसी आहे, एसीखाली पिंप आहे. खालून वर शोधलं की माणूस पहिल्याच पिंपावर घोटाळतो.

नव्या वस्तीत शिरल्यावर मी स्वतः कोणाशीही बोलण्याआधी वर जातो. सगळ्यात उंच गच्ची गाठतो आणि तिथे एखादी झोपायची जागा मिळते का ते बघतो. तुला वाटत असेल ती झोप फक्त गोड दिसण्यासाठी ठेवलीय. मांजर अंग गोल करून झोपलं की कॅमेरा सावकाश मागे मागे जातो आणि आजूबाजूची जागा उघडत जाते. बटण न दाबता थोडा वेळ तसाच बस. कुठली पाटी कुठे लुकलुकते, कुठला रस्ता कुठल्या चौकात मिळतो, संगीत कुठून येतंय, हे मनात बसतं. नकाशा हवा होता ना, तो हा. पुढे रस्त्यावर हरवलास की धावत सुटायचं नाही, पुन्हा वर यायचं.

खाली आलास की एक मोठी खूण धरून ठेव. वस्तीच्या तोंडाशी बसलेला पहारेकरी रोबो ही चांगली खूण आहे, कारण मुख्य रस्ता तिथून सुरू होतो. त्याच्यापासून बार किती लांब, विणकाम करणारी आजीबाई कुठल्या बाजूला, लाँड्री कुठे, असं नातं लावत जा. दिव्यांच्या रंगाकडे बघ. लोक राहतात तिथे प्रकाश उबदार आहे, दुकानांच्या पाट्या निऑनच्या आहेत, आणि जिथे काहीच नाही तिथे अंधार ठेवलाय. आमच्या कामात प्रकाश हीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक पाटी असते. आणि पाठीवरच्या पिशवीत राहणाऱ्या बी-१२ या छोट्या ड्रोनला मदत विचारायचं बटण विसरू नको. तो सध्याचं काम एका वाक्यात आठवण करून देतो, उत्तर फोडत नाही.

एलियटचं आता. इथे बरेच जण अडकतात, कारण कामं एकात एक गुंतलेली आहेत. पूर्ण उत्तर नको असेल तर एवढंच ध्यानात ठेव की किल्ली शोधू नको, आवाज कर. तेवढ्यावर जमलं नाही तर पुढचं वाच.

एलियटला ट्रॅकर, म्हणजे माग काढायचं यंत्र, दुरुस्त करायचंय, पण हात थरथरताहेत, म्हणून त्याला ऊबदार पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचं पांघरूण, हवं. पोंचो विणणारी आजीबाई वस्तीतच बसलीय, आणि ती लोकरीने नाही, विजेच्या वायरींनी विणते. वायरी मिळतात अझूझ नावाच्या अदलाबदली करणाऱ्या दुकानदाराकडे. त्याला बदल्यात ‘सुपर स्पिरिट’ नावाचं कपडे धुण्याचं औषध हवंय. ते आहे लाँड्रीत, आणि लाँड्रीचं दार बंद. इथे तू दारावर डोकं आपटत बसला असशील. दाराला किल्ली नाही. वर गच्चीवर जा. तिथे दोन रोबो रंगाचे डबे एकमेकांकडे फेकून झेलताहेत. त्यांच्याजवळ उभा राहा आणि ऐन फेकाफेकीत म्याँव कर. एकाचं लक्ष उडतं, डबा खाली लाँड्रीसमोर फुटतो, आतला रोबो वैतागून दार उघडून बाहेर येतो. तो साफसफाईत असताना तू आत. बाटली घे, दुकानदाराकडे जा, वायरी घे, आजीबाईंना दे, पोंचो एलियटला. ट्रॅकर दुरुस्त, आणि गोष्ट पुढे.

आता थांबून बघ, या सगळ्यात मांजरीने काय केलं? चोरटेपणा, चढाई आणि एक म्याँव. माणसाचा नायक असता तर त्याने दार तोडलं असतं, किंवा मालकाशी बोलून काम घेतलं असतं. इथे उत्तर फक्त मांजरीलाच सुचेल असं आहे. तुझा प्रश्न होता की लोक कौतुक काऊन करतात. माझं उत्तर हे आहे. गेममध्ये प्राणी पुष्कळ असतात, पण बहुतेक वेळा तो माणूसच असतो, वरून कातडं घातलेला. दोन पायांवर चालतो, तलवार धरतो, विनोद करतो. ‘स्ट्रे’मध्ये शरीर मांजरीचं आहे आणि कोडी त्या शरीरातून निघतात.

सुरुवातीचाच भाग आठव. चार मांजरी पावसात आडोशाला बसलेल्या असतात, एकमेकींना चाटतात, झटापट करतात, आणि मग आपलं मांजर खाली पडतं. उठतं तेव्हा लंगडत असतं. तुझ्या हातातलं बटण तेच आहे, पण ते धावत नाही. दुखणं तुला अंगठ्याने कळतं, कोणी सांगावं लागत नाही. थोडं पुढे गेल्यावर काचेचं छत फोडायचं असतं, तर कडेवर ठेवलेला रंगाचा डबा पंज्याने ढकलायचा. घरात मांजर असणाऱ्या कोणालाही ते शिकवावं लागत नाही. बी-१२ पहिल्यांदा पाठीला पट्टा बांधतो तेव्हा मांजर आडवं पडतं, मग अंग चोरून विचित्र पावलं टाकतं. मांजरीला पट्टा बांधायचा प्रयत्न केलेल्यांना ते बघून लगेच ओळखू येतं. एका ठिकाणी कागदी पिशवीत डोकं घातलंस तर दिशा उलट्या होतात, डावं दाबलं की उजवीकडे. पियानोवरून चाललास तर सूर वाजतात. दाराला नखं मारताना कंट्रोलरचे डावे-उजवे ट्रिगर आळीपाळीने दाबावे लागतात. रोबोच्या पायाला अंग घासलं तर त्याच्या चेहऱ्याच्या पडद्यावर हृदय उमटतं. यातली अर्धी कामं गोष्ट पुढे न्यायला लागतच नाहीत. पण ती केली नाहीस तर तू मांजर झालाच नाहीस, नुसता कॅमेरा ढकलत राहिलास.

म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या फेरीत जिंकायची घाई करू नको. मुख्य गोष्ट पाच-सहा तासांत संपते. वस्तीत विखुरलेली आठ सुरावटींची पानं शोधून तिथल्या वादक रोबोला दे आणि तो वाजवत असताना त्याच्या शेजारी अंग मुडपून झोप. त्यासाठी फिरताना वस्तीचा कोपरान्‌कोपरा तुझा होतो, आणि मग पोंचोची ती गुंतागुंत तुला गुंतागुंत वाटतच नाही. दोन तासांच्या आत गेम संपवण्याचंही एक बक्षीस आहे, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचं काम.

झर्क, म्हणजे झुंडीने अंगावर येणारे ते छोटे जीव, त्यांच्याबद्दल एवढंच: ते मागे लागले की सरळ रेषेत पळू नको, नागमोडी पळ. ते आपल्या दिशेने झेप घेतात आणि तू आडवा सरकलास की त्यांचा नेम हुकतो. अंगाला चिकटले तर म्याँवचंच बटण भराभर दाबून झटकून टाक. थांबून मागे बघायचा मोह आवर. पुढे गटारांच्या भागाआधी त्यांच्यावर वापरायचा जांभळा दिवा मिळतो, तो सतत चालू ठेवला की तापून बंद पडतो, तेव्हा थोड्या थोड्या वेळाने वापर.

तापण्यावरून लॅपटॉप. गेमची किमान गरज फारशी नाही: ८ जीबी रॅम, जीटीएक्स ६५० टीआयसारखं २ जीबीचं जुनं ग्राफिक्स कार्ड, १० जीबी जागा. तुझा इंजिनिअरिंगचा लॅपटॉप त्यात बसत असावा. प्रश्न नागपूरचा आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोलीतली हवाच इतकी गरम असते की पंख्याने प्रोसेसरवर तीच गरम हवा फिरते. तापमान हद्दीबाहेर गेलं की यंत्र स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, आणि ते तुला गेम अडखळल्यासारखं दिसतं. सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, मर्यादा ३० वर बांध. या गेमला ३० पुरतात, इथे निशाणेबाजी नाही. सावल्या आणि इफेक्ट खाली आण, पण टेक्स्चर, म्हणजे भिंती-वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे, शक्यतो ठेव, कारण गंज आणि दिव्यांची चमक गेली तर वाट ओळखणं अवघड होतं. लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उचलून ठेव, गादीवर अजिबात नको. कूलरच्या तोंडासमोरही नको, त्यातून बारीक थेंब उडतात आणि ते आत सुकून क्षार साचतात. खिडकी उघडी ठेवून कूलर बाजूने लागू दे. आणि दुपारी न खेळता सकाळी किंवा रात्री उशिरा खेळ. नव्या जागी पहिल्यांदा गेल्यावर जो क्षणभर झटका बसतो तो मात्र उष्णतेचा नाही, गेम तिथली दृश्यं पहिल्यांदा तयार करत असतो. दुसऱ्या वेळी तो कमी होतो.

एक साधा वायरचा कंट्रोलर बर्डीच्या बाजारातून घे. कीबोर्डवर चालणं एकाच वेगाचं असतं, कंट्रोलरवरची काठी हळू ढकलली की मांजर दबकत चालतं. कीबोर्डवरच खेळणार असशील तर म्याँव ‘ऑल्ट’वर आहे. पोंचोच्या कामात ते लागेल.

पुढे काय खेळायचं, हा तुझा प्रश्न. ‘मांजरीचा गेम’ एवढ्यावरून ठरवू नको. त्या प्राण्याचं कुठलं अंग गेमने पकडलंय, ते बघ.

याचं सगळ्यात जुनं चांगलं उदाहरण म्हणजे १९९२ चा सेगाचा ‘एको द डॉल्फिन’. हंगेरीत बनलेला. त्यात नकाशा हवा असेल तर डॉल्फिनची हाक सोडायची आणि बटण धरून ठेवायचं, हाक परत आली की समोरच्या गुहांचा नकाशा उमटतो. डॉल्फिन आवाजाने बघतो, तर नकाशाही आवाजातूनच यायला हवा. इतका सरळ विचार मला आजच्या मोठ्या मोठ्या गेममध्येही क्वचित दिसतो. पण तो फार कठीण आहे, त्यामुळे माहिती म्हणून सांगितला, लगेच खेळ असं म्हणणार नाही.

लगेच खेळायचा तो ‘अ शॉर्ट हाइक’. २०१९ चा, मुख्यतः ॲडम रॉबिन्सन-यू या एकाच माणसाने बनवलेला. क्लेअर नावाचं पक्ष्याचं पिल्लू फोनची वाट बघतंय, आणि सिग्नल फक्त डोंगराच्या माथ्यावर येतो. सोन्याची पिसं गोळा करशील तितकं जास्त चढता आणि उडता येतं. इथेही नकाशा नाही, पण डोंगर असा रचलाय की वर गेलास की सगळं बेट खाली दिसतं, आणि उतरताना पंख पसरून तू स्वतः निवडलेल्या ठिकाणी उतरतोस. चढून बघायचं आणि मग ठरवायचं, ही ‘स्ट्रे’मध्ये शिकलेली सवय इथे पक्की होते. कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतो, तापत नाही.

मांजरच हवं असेल तर ‘लिटल किटी, बिग सिटी’, मे २०२४ चा. खिडकीतून पडलेलं काळं मांजर आपल्या घरी परत जायचा रस्ता शोधतंय. इथे उडी तुझ्या हातात आहे आणि ती चुकते, आणि मासे खाल्ले की वेल चढायचं बळ वाढतं. ‘स्ट्रे’च्या उडीवर तुझी तक्रार असेल तर हा खेळून बघ. मला स्वतःला ‘स्ट्रे’ची वस्ती जास्त खोल वाटते, पण दिवसा उजेडी, कोणी मागे न लागता नुसतं भटकायला हा गोड आहे.

‘अनटायटल्ड गूज गेम’ २०१९ चा, मेलबर्नच्या हाउस हाउस या स्टुडिओचा. तू बदक-हंस जातीचा एक खट्याळ पक्षी आहेस आणि गावातल्या लोकांच्या वस्तू पळवायच्यात. म्याँवच्या ठिकाणी तिथे हॉर्नसारखी हाक आहे. त्यातलं पियानोचं संगीत द्‌ब्यूसी या फ्रेंच संगीतकाराच्या रचनांचं आहे, त्याचे बारीक तुकडे केलेत आणि तू दबकत चाललास, पळालास, पकडला गेलास त्याप्रमाणे ते जुळून वाजतात. कान देऊन खेळ.

ज्यांनी माझ्या मनावर जास्त काळ ठसा ठेवला ते मात्र आईपणाचे गेम आहेत. ‘शेल्टर’ २०१३ चा, स्वीडनचा. बिज्जूची आई आणि पाच पिल्लं. एकही संवाद नाही. पिल्लू उपाशी राहिलं की त्याचा रंग फिका पडत जातो, आणि कोणाला आधी भरवायचं ते तू ठरवायचं. वरून गरुडाची सावली फिरते तेव्हा उंच गवतात दडायचं. शोध इथे हौसेचा नाही. पुढच्या झुडपामागे खायला काही आहे का, एवढाच प्रश्न असतो, आणि तेवढ्याने प्रत्येक झुडूप महत्त्वाचं होतं. ‘एंडलिंग’ २०२२ चा, बार्सिलोनाच्या हेरोबीट स्टुडिओचा. कोल्हीण आणि तिची पिल्लं, आजूबाजूचं जंगल दर रात्री थोडं थोडं माणसांच्या हाती जातंय. कालपर्यंत जिथे ओढा होता तिथे आज कुंपण. एकाच भागात पुन्हा पुन्हा फिरवून जागा बदलत जाताना दाखवणं, हे लेव्हल डिझाइनचं फार अवघड काम आहे आणि त्यांनी ते निभावलंय. २०२३ मध्ये त्याला बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचा पुरस्कार मिळाला. यातही बोलणं नाही, त्यामुळे इंग्रजी वाचायचा कंटाळा असणाऱ्यांनाही चालतो, आणि मोबाइलवरही आहे. पण मन घट्ट करून खेळ, परीक्षेच्या आदल्या रात्री नको.

‘ओकामी’ला वेळ लागतो. २००६ चा, कॅपकॉमच्या क्लोव्हर स्टुडिओचा, अमातेरासु ही पांढरी लांडगी, शाईच्या चित्रासारखं जग, ती धावली की पायांमागे फुलं उमलतात. तीस तासांच्या वर जातो, सुट्टीत घे. आणि ‘रेन वर्ल्ड’ २०१७ चा, त्यात तू अर्धा गोगलगाय अर्धं मांजर असा छोटा जीव आहेस, जीव घेणारा पाऊस येण्याआधी पोट भरून बिळात शिरायचंय. बाकीचे प्राणी तुझ्यासाठी थांबलेले नसतात, ते एकमेकांची शिकार करत आपापलं जगत असतात. या सगळ्या यादीत प्राणी असणं म्हणजे काय हे सगळ्यात निष्ठुरपणे सांगणारा हाच आहे. वर्षभर असे गेम खेळून झाल्यावर त्याला हात घाल, आत्ता घातलास तर चिडशील.

आता बहीण. ‘स्ट्रे’ तिला सुरुवातीचे तास आणि रोबोंच्या वस्त्या जरूर खेळू दे, म्याँवचं बटण तिच्याकडेच दे. पण झर्कच्या पाठलागाचे भाग, आणि विशेषतः गटारांचा भाग, अंधारा आणि किळसवाणा आहे. भिंतींवर मांसासारखे गोळे आणि डोळे आहेत. आठ वर्षांच्या मुलीला रात्री त्याचा त्रास होऊ शकतो, ते भाग तू एकट्याने पार कर आणि अँटव्हिलेज या रोबोंच्या पुढच्या वस्तीत पोहोचल्यावर कंट्रोलर परत तिच्या हातात दे. ‘शेल्टर’ आणि ‘एंडलिंग’ तिला इतक्यात नकोत, पिल्लू गमावण्याचं दुःख त्यात खरंखुरं आहे. तिचा स्वतःचा गेम म्हणून ‘अ शॉर्ट हाइक’ लावून दे. त्यात कोणी मरत नाही, हरायला होत नाही, आणि इंग्रजी संवाद तू शेजारी बसून मराठीत सांगितलेस तर ती स्वतःच वाट शोधेल. ती कुठे अडकली तर उत्तर लगेच सांगू नको. उंच जाऊन खाली बघायला सांग, आणि कॅमेरा तिलाच फिरवू दे.